मदत हवी आहे : सहा महिने झाले, भाषा काही येईना

अमळनेरचा_पोऱ्या
लवकर सांगा, पुढच्या महिन्यात इंटर्नशिपची मुलाखत आहे. इथे येऊन सहा महिने झाले. सगळे म्हणायचे, तिथे गेलास की भाषा आपोआप येईल. कसली आपोआप! ए-टू लेव्हलची परीक्षा करून आलोय, पण दुकानात तोंड उघडलं की समोरचा इंग्रजीवर उतरतो. काल बेकरीत विचारलं, कार्ड चालेल का? बाई हसत म्हणाली, 'नू'. खिशात सुटे नव्हते, पाव तिथेच ठेवून परत आलो. एखादं चांगलं अ‍ॅप सांगा.

भुसावळ_जंक्शन
इथे म्हणजे कुठे? देश तरी लिही.

केळीवाला_रावेर
जर्मनी असेल. माझा भाचा जातोय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो आधी भरायचे म्हणतात. हप्त्याने चालतं का?

भुसावळ_जंक्शन
काका, तो पोचलाय तिथे.

अमळनेरचा_पोऱ्या
हो, जर्मनीच. लिहिलं नव्हतं का? अ‍ॅपचं सांगा ना.

डेर_डी_दास
अ‍ॅपने काही होत नाही. आधी व्याकरण पक्कं कर. मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनात बी-वन केलं. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. विभक्ती चुकली की सगळं चुकतं.

तापीकाठ
ताई, विभक्ती घोकून पाव मिळत नाही. पोऱ्या, राहतोस कोणासोबत?

अमळनेरचा_पोऱ्या
आपलेच तिघे. एक पाचोऱ्याचा, दोघे नाशिकचे.

तापीकाठ
मग जर्मन कोणाशी बोलणार, कुकरशी? मी पहिल्या वर्षी असाच होतो. मग होस्टेल बदललं, सहा जणांत एक किचन. भरिताची हौस आली म्हणून वांगं थेट शेगडीवर ठेवलं. धुराचा अलार्म वाजला, पाचही जण धावत आले. वांगं जाळलं नाही, भाजलं, हे पटवायला अर्धा तास लागला. तेव्हा विभक्ती गेली तापीत, पण बोललो.

डेर_डी_दास
आणि अर्धा तास चुकीचं बोललात. त्याच चुका पुढे जिभेवर बसतात.

भुसावळ_जंक्शन
भरिताला वांगी कुठली मिळाली? आपली हिरवी तर नसतील.

तापीकाठ
काळी, बेचव. पोऱ्या, शहर कोणतं?

अमळनेरचा_पोऱ्या
ड्रेस्डेन. का?

तापीकाठ
अरे भो! तिथल्या बोलीत 'नू' म्हणजे हो! कार्ड चालत होतं. तुझ्या त्या भागातले, सॅक्सनीवाले, क चा ग करतात, प चा ब. पुस्तकातली जर्मन शिकून तिथे गेलास, म्हणजे पुण्याच्या माणसाला अमळनेरच्या बाजारात सोडल्यासारखं.

भुसावळ_जंक्शन
माझ्या पुण्याच्या रूममेटला अहिराणीत 'काय शे?' (काय आहे?) विचारलं, तर म्हणाला, किती शे?

डेर_डी_दास
बोली नंतर शिका, आधी घड्याळ शिका. 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेआठ नव्हे, साडेसात. आठाकडे अर्धा तास गेला, असा हिशोब. तुमच्याकडे 'ड्रायफिर्टल आख्ट' पण ऐकू येईल, ते आपलं पावणेआठ.

अमळनेरचा_पोऱ्या
थांबा थांबा. मुलाखतीची वेळ फोनवर 'हाल्ब नॉइन' सांगितली होती. मी साडेनऊ लिहून ठेवलंय.

तापीकाठ
साडेआठ रे बाबा. आत्ता खोड.

केळीवाला_रावेर
ते हप्त्याचं कोणी सांगेल का?