मदत हवी आहे: डिस्नेलँडचा वर्षाचा पास घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला राहतो, डिस्नेलँड गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर. लेक ऑक्टोबरमध्ये ३ वर्षांची होईल, म्हणजे आता तिलाही तिकीट लागणार. म्हणून मॅजिक की, म्हणजे डिस्नेलँडचा वर्षाचा पास, घ्यावी का, याची घरात रोज चर्चा चालू आहे.

स्वस्तातल्या पासला बरेचसे शनिवार-रविवार बंद असतात आणि नवऱ्याला सुट्टी तेव्हाच. शिवाय आधी आरक्षण करावं लागतं. लहान मूल कधी तापेल याचा काही नेम असतो का?

पण मागच्या वेळचं डोळ्यांसमोरून जात नाही. तिला फक्त बागेभोवती फिरणाऱ्या आगगाडीत बसायचं होतं. सलग तीन फेऱ्या मारल्या. शिट्टी झाली की माझा दंड घट्ट धरायची आणि मग टाळ्या! दोन तासांत खांद्यावर झोपली. एका दिवसाचं महागडं तिकीट काढून असं लवकर परत फिरणं जिवावर येतं. पास असेल तर ती रमेल तेवढंच थांबता येईल.

मी आणि लेक, दोघींनीच मधल्या वारांचा स्वस्त पास घ्यावा, असं मला वाटतंय. नवऱ्याचं तिकीट लागेल तेव्हा काढू. जानेवारीत सासूसासरे नाशिकहून येतायत, त्यांचंही तसंच.

ज्यांच्याकडे पास आहे त्यांनी कृपया सांगा, पार्किंगचे पैसे धरून परवडतो का? आणि पहिले दोन महिने सोडले तर नंतर खरंच किती वेळा जाणं झालं?