पोच घेतली का? विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून काम केलेल्यांचे अनुभव

मी २०१२-१३ साली दादरच्या बाजूच्या एका कॉलेजात जी.एस., म्हणजे विद्यार्थी परिषदेची जनरल सेक्रेटरी, होते. मतं मागून झाले नव्हते. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या थेट निवडणुका गेल्या आणि वर्गात पहिला येईल तो सी.आर. म्हणजे वर्गप्रतिनिधी, सी.आर. मिळून परिषद, अशी पद्धत आली. मार्कांमुळे खुर्ची मिळाली. त्या खुर्चीत बसून करायचं काय, ते कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात टी.वाय.चा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा, एक मुलगा आला. लायब्ररीचा दंड थकला म्हणून त्याचं हॉल तिकीट अडवलं होतं आणि केटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयाचा, पेपर परवावर आला होता. मी खिडकीवर जाऊन बोलले. "बघतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेले तर खिडकीवर वेगळेच गृहस्थ, त्यांना काहीच माहीत नाही. मी रडवेली झालेली पाहून आतल्या हेडक्लार्क बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "बाळ, तोंडी बोललेलं या इमारतीत कुणाला आठवत नाही. अर्जाच्या दोन प्रती कर. एक आत दे, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे, तीच तुझी पोच." अर्ध्या तासात हॉल तिकीट मिळालं. वर्षभरात मी जे काही करू शकले, ते त्या एका वाक्याच्या जोरावर.

तुमच्यापैकी कोणी जी.एस., यू.आर. (विद्यापीठ प्रतिनिधी), सी.आर., अध्यक्ष, सचिव असं काही होतं का? भाषणं आणि हारतुरे नकोत. कोणाचं काय अडलं होतं, तुम्ही कुठलं दार ठोठावलं, उघडलं की नाही, ते लिहा. नाही उघडलं तर तेही लिहा.

परळ, १९८२-८३

मी निवडून आलेला जी.एस. होतो. त्या काळी निवडणूक म्हणजे खळीच्या बादल्या, रात्री भिंती आणि सकाळी गेटवर घोषणा. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी पाच महिने पगार आला नव्हता. काहींची घरं गावी गेली होती, मुलं एकटीच खोलीवर राहत होती आणि खाणावळीचे पैसे थकले होते.

फी भरायची वेळ आली आणि ईबीसीचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणाऱ्या फी सवलतीचा, घोळ समोर आला. सवलतीला उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला मागच्या वर्षीच्या पगाराचा. कागदावर बाप कमावता आणि घरात चूल थंड. नियम लिहिणाऱ्याने संप धरलाच नव्हता. प्राचार्य माणूस चांगला, पण त्यांचेही हात बांधलेले. ते मला म्हणाले, "मी फी माफ करू शकत नाही, थांबू शकतो. डिसेंबरपर्यंत थांबतो. पैसे कुठून आणायचे ते तुम्ही बघा."

कॉलेजात पैसे एकाच ठिकाणी होते, स्नेहसंमेलनाच्या खात्यात. ऑर्केस्ट्रा ठरला होता. मी सगळ्या सी.आर.ना बसवलं आणि म्हटलं, यंदा ऑर्केस्ट्रा नको, तो पैसा फीला देऊ. तीन तास भांडण झालं. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं म्हणणंही खोटं नव्हतं, त्यांचं ते शेवटचं गॅदरिंग होतं. एक मुलगी इतका वेळ गप्प होती, ती उठून म्हणाली, "माझे वडील गिरणीत नाहीत, बँकेत आहेत. पण माझ्या बाकावरची मैत्रीण जूनपासून आली नाही. गॅदरिंगला मी कोणाबरोबर बसू?" त्यानंतर मतदान झालं, थोड्या फरकाने ठराव पास झाला.

४३ मुलांची यादी झाली. इथे माझ्या हातून चूक झाली, ती चाळीस वर्षं मनात आहे. मदत मिळालेल्यांची यादी मी नोटीस बोर्डावर लावू दिली. हिशेब उघडा असावा एवढाच विचार होता. त्यातला एक मुलगा, फार मानी, दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "तू माझं नाव भिंतीवर लावलंस." मी यादी काढली. तो परत कॉलेजात आला नाही. मी डिलाईल रोडला त्याच्या चाळीत दोनदा गेलो, खोलीला कुलूप होतं.

बाकीचे ४२ परीक्षेला बसले. पण मला आजही तो एकच आठवतो.

धागाकर्ती: काका, तुम्ही हे लिहिलंत, फार बरं केलंत. आमच्या वर्षी साहाय्य निधीची पाकिटं प्राचार्यांच्या खोलीत एकेकाला बोलावून द्यायचे. कधीतरी कुणीतरी अशी चूक करून शिकलं असणार.

सचिव, पश्चिम उपनगरातलं कॉलेज

माझं छोटं आहे. वर्गात एक अंध मैत्रीण होती. लेखनिकासह परीक्षा देणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पेपरच्या दिवशी पर्यवेक्षकांनी अडीच तास झाल्यावरच इशारा दिला की वेळ सर्वांना सारखाच. वर्गाबाहेर उभ्या शिपाई मावशींनी मला निरोप पाठवला. परिपत्रकाची झेरॉक्स मी पहिल्या दिवसापासून दप्तरात ठेवत होते. केंद्रप्रमुखांच्या टेबलावर ती ठेवली. त्यांनी वाचली आणि स्वतः उठून वर्गात गेले. मैत्रिणीला जादा तास मिळाला. बाहेर आल्यावर ती माझ्यावर चिडली होती. "हे तू नसतीस तर? पुढच्या सेंटरला तू नसशील." बरोबर होतं तिचं. मग आम्ही दोघींनी बसून परीक्षा विभागाला अर्ज दिला, की अशा प्रत्येक विद्यार्थ्याच्या हॉल तिकिटावरच जादा वेळ छापावा. त्याचं उत्तर मी पास होऊन बाहेर पडेपर्यंत आलं नाही. पोच आहे माझ्याकडे.

बदलापूर ते चर्चगेट, रोज

जुलैतली केटीची परीक्षा, सकाळी साडेदहाचा पेपर. रात्रभर पाऊस. कुर्ला-शीवमध्ये रुळांवर पाणी, मध्य रेल्वे ठप्प. मी सी.आर., मीही गाडीतच अडकलेलो. आमच्या डब्यात आणि मागच्या गाडीत मिळून ओळखीचे १७ जण निघाले. काही जण रुळांवरून चालत निघाले, मी त्यांना अडवलं, त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. आम्ही केंद्रावर पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि अर्ध्या तासानंतर आत सोडत नाहीत.

गेटवर आरडाओरडा सुरू झाला. मला एवढंच सुचलं की आज आत घेणार नसतील तर निदान आपण इथे आलो होतो याचा पुरावा राहू दे. वहीच्या पानावर सगळ्यांची नावं, आसन क्रमांक, पोचल्याची वेळ आणि पासवरची स्टेशनं लिहिली. बदलापूर, टिटवाळा, आसनगाव, डोंबिवली. पासवर कुठून कुठे ते छापलेलं असतंच. केंद्रप्रमुखांना म्हटलं, सर, आत नका घेऊ, पण खाली सही करा की आम्ही इतक्या वाजता गेटवर होतो. त्यांनी दहा मिनिटं विचार केला आणि केली.

तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा जाहीर झाली, फक्त 'केंद्रावर नोंद असलेल्यांसाठी'. जे पाऊस पाहून घरीच थांबले, त्यांना नाही मिळाली. त्यांच्यात दोघी तर वांगणीच्या होत्या, त्यांच्याकडे गाडीच आली नव्हती. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज केला, तो फेटाळला गेला. ज्यांच्या स्टेशनात गाडी येते त्यांनाच पुरावा जमवता येतो, हे मला तेव्हा कळलं.

माजी अध्यक्ष, एका केंद्रीय संस्थेची युनियन

आमच्याकडे थेट निवडणूक होती. विद्यार्थी निवडणुकांबाबतच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लागू केल्या, त्यामुळे उमेदवारामागे खर्चाची मर्यादा ५,००० रुपये. मला त्याचा फायदाच झाला. माझ्याकडे तेवढेही नव्हते. हाताने लिहिलेली पत्रकं घेऊन हॉस्टेलच्या खोलीखोलीत गेलो. मी विदर्भातल्या खेड्यातून आलेला, पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या) स्कॉलरशिपवर शिकणारा.

प्रश्न तोच होता. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला ही स्कॉलरशिप मिळते. पण पैसे सत्र संपल्यावर येतात, आणि संस्था पुढच्या सत्राच्या नोंदणीला 'थकबाकी नाही' असा दाखला मागते. मेसचं बिल थकलेलं, म्हणून दाखला नाही. दाखला नाही, म्हणून नोंदणी नाही. आणि नोंदणीच नसेल तर स्कॉलरशिपचं नूतनीकरणही होत नाही. सरकारकडून येणे असलेल्या पैशापायी मुलगा कर्जबाजारी ठरत होता.

आम्ही नऊ दिवस मुख्य इमारतीसमोर बसलो. नवव्या रात्री मला एकट्याला आत बोलावलं. प्रस्ताव होता: हमीपत्र द्या, स्कॉलरशिप आली की भरू असं लिहा, नोंदणी करून देतो. मला तो बरा वाटला. मुलं थकली होती, दोघी सलाईनवर होत्या. मी सही केली.

बाहेर येऊन सांगितलं तेव्हा टाळ्या वाजल्या. मग मागून एका पहिल्या वर्षाच्या मुलीने विचारलं, "जी.बी. कधी झाली?" जी.बी., म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांची सभा, झालीच नव्हती. तिने पुढे विचारलं, "स्कॉलरशिप नाकारली गेली तर पैसे कोण भरणार? हमीपत्रावर सही माझी असणार ना, दादा?" मी ते कलम नीट वाचलंच नव्हतं. त्या रात्री मी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि सकाळी परत आत जाऊन सांगितलं, माझी सही धरू नका, जी.बी.शिवाय तिला अर्थ नाही. समोरच्यांना राग आला, आणि तो मी समजू शकतो. आणखी सहा दिवस लागले. शेवटी कागदावर एक ओळ वाढली, की शासनाकडे अर्ज प्रलंबित असेपर्यंत वसुली होणार नाही. ती ओळ त्या मुलीने सुचवलेली. पुढच्या वर्षी ती उभी राहिली, मी तिचा प्रचार केला.

अध्यक्ष होणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं: एकट्याने आत जाऊ नका. बोलावणारा कितीही प्रेमाने बोलावत असला तरी.

निकालांच्या गोंधळाच्या वर्षीचा यू.आर.

संगणकावर पेपर तपासायची पद्धत नवी आली त्या वर्षी निकाल महिनोन्महिने रखडले. आमच्या ११ जणांना बाहेर प्रवेश मिळाले होते, मार्कशीटची मुदत डोक्यावर. प्रत्येकाचं पत्र घेऊन मी परीक्षा विभागात बसायचो. गोपनीय निकाल थेट त्या-त्या संस्थेला पाठवायची सोय आहे, हे तिथल्याच एका क्लार्कने सांगितलं. त्यातून दहा जणांचं झालं. अकराव्याची एक उत्तरपत्रिका सापडत नव्हती, निकालात 'गैरहजर' आलं होतं. हजेरीपटावर त्याची सही होती. ती सही दाखवून दुरुस्ती होईपर्यंत मुदत टळली. तो आज चांगल्या नोकरीत आहे, माझ्याशी छान बोलतो. ते वर्ष मात्र मी त्याला परत देऊ शकलो नाही.

सध्या एस.वाय., सी.आर.

ताई, अनुभव नाही, प्रश्न आहे. आमच्यातल्या एका मुलीला घराजवळच्या कॉलेजात जागा मिळाली म्हणून तिने इथला बी.कॉम.चा प्रवेश रद्द केला. फी मिळणार नाही म्हणतात, बारावीची मूळ मार्कशीटही देत नाहीत. मी दोनदा जाऊन बोलले.

धागाकर्ती: बोललीस, आता लिही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ऑक्टोबर २०१८मध्ये फी परताव्याचे नियम दिले आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी, त्यातून फार तर पाच टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतात. शेवटच्या तारखेआधी पण १५ दिवसांच्या आत असेल तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, पुढे ३० दिवसांपर्यंत ५०. त्यानंतर काही नाही, म्हणून आधी तिची तारीख बघ. मूळ कागद ठेवून घेता येत नाहीत. अर्जात हे सगळं लिहा, मार्कशीटचं वेगळं कलम करा. दाद लागली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती, तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल, ही वाट यूजीसीच्या २०२३च्या नियमांत आहे. आणि अर्ज तिच्या नावाने जाऊ दे, तिच्या सहीने.

सध्या एस.वाय., सी.आर.: ताई, आज दिला. आधी घेत नव्हते, "ठेवून जा" म्हणाले. आम्ही दोघी तिथेच बाकावर बसून राहिलो, चाळीस मिनिटं. मग शिक्का मारून दिला. मार्कशीट उद्या अकरा वाजता न्या म्हणालेत, फीचं काही बोलले नाहीत. शिक्का पुसट उठलाय, पण तारीख वाचता येते.