5 जूनचं ताम्हण: प्रतीकाचा मान की फोटोपुरतं राजकारण?

पंचगंगाकाठ
पर्यावरण दिनाला कोल्हापुरात नेत्यांच्या हस्ते राज्यफूल म्हणून ताम्हण लावतात. माझ्या मते हे बंद करावं. 5 जूनला इथं पाऊस बसलेला नसतो आणि वळवाच्या सरींवर रोप तग धरत नाही. ताम्हण मुळात ओढ्याकाठचं झाड, त्याला मुळाशी ओल हवी. रस्त्याच्या दुभाजकात वर थोडी माती आणि खाली खडी-मुरूम, त्यात फूटभर खड्डा काढून रोप पिशवीसकट ठेवतात. मुळं पिशवीतच गोल फिरत राहतात, आणि पुढं झाड वाढलंच तर वाऱ्यानं कलतं.

नुसत्या प्रतीकाच्या मानानं जीव वाचत नाही. अमेरिकेचा बाल्ड ईगल हा गरुड घ्या. 1782 पासून तो शासकीय मुद्रेवर आहे, तरी 1963 मध्ये अलास्का वगळता मुख्य भूमीवर विणीच्या 417 जोड्याच उरल्या होत्या. त्याला सावरण्यात मोठा वाटा डीडीटी या कीटकनाशकावरच्या 1972 च्या बंदीचा. 2007 मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला आणि राष्ट्रीय पक्षी म्हणून कायद्यानं मान मिळाला डिसेंबर 2024 मध्ये!

सादळे_मादळे
अर्धंच सांगितलंत, दादा. त्या गरुडाची शिकार बंद करणारा कायदा 1940 चा. त्यात कारणच दिलंय की हा पक्षी अमेरिकी स्वातंत्र्याच्या आदर्शांचं प्रतीक आहे. आपल्याकडं 1972 मध्ये सिंहाच्या जागी वाघ राष्ट्रीय प्राणी झाला आणि 1 एप्रिल 1973 ला 9 क्षेत्रांत व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. मान मिळाला म्हणून लोक मागं उभे राहतात, मग पैसाही येतो.

पंचगंगाकाठ
1940 च्या कायद्यानं बंदूक थांबवली. डीडीटी माशांतून गरुडाच्या पोटात जात होतं, अंड्याचं कवच पातळ होऊन मादी बसली की अंडं फुटत होतं. त्यावर मुद्रेवरचं चित्र काय करणार? वाघाला जंगल, पहारा आणि पैसा तिन्ही मिळालं. आपल्या राज्यप्राण्याचं बघा. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात शेकरू शेंड्याशेंड्यानं फिरतं, जमिनीवर क्वचितच उतरतं. रस्त्यासाठी दोन्ही बाजूंच्या फांद्या तोडल्या की त्याची वाटच तुटते. त्या फांद्या राखायला कुठला नेता फेटा बांधून येतो?

करवीर_रोपवाटिका
ताम्हण जगतं, पण रीत पाळली तर. बोंडं तपकिरी होऊन तडकायच्या बेतात आली की झाडावरूनच काढा, बी पंखाचं असतं, उडून जातं. लावायला दोन वर्षांचं, माणसाच्या उंचीचं रोप घ्या. खड्डा 2 बाय 2 बाय 2 फूट, मे महिन्यातच काढून तापू द्यायचा. चांगल्या मातीत दोन पाट्या कुजलेलं शेणखत. लावण जूनअखेर ते जुलै. पिशवी उभी चिरून काढायची, तळाला गुंडाळलेली मुळं कातरायची. दोन झाडांत 20 फूट, वर वीजतारा नकोत. पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा 20 लिटर पाणी. लोखंडी जाळी खोडात रुतायच्या आत काढायची, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

सादळे_मादळे
मग 5 जूनला नेत्याच्या हस्ते खड्डे भरून घ्या, रोपं जुलैत लावा. फलकावर पाण्याच्या टँकरची जबाबदारी कुणाची, तेही लिहा. कार्यक्रमच नको म्हणणं मला पटत नाही.

पंचगंगाकाठ
एवढं होणार असेल तर ताम्हणाचाच हट्ट कशाला? राज्यपक्षी हरियाल वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगतो. राज्यफुलपाखरू नीलवंत अंडी घालतं लिंबाच्या कुळातल्या झाडांवर, म्हणजे परसातलं कागदी लिंबूसुद्धा चालतं, फक्त त्यावर कीटकनाशक मारू नये. शहरातल्या जुन्या वडांच्या बुंध्याला भिडलेलं काँक्रीट चारही बाजूंनी तीन-तीन फूट फोडा. पाणी मुरेल, मुळं श्वास घेतील.

सादळे_मादळे
काँक्रीट फोडायची परवानगी पालिकेतूनच घ्यावी लागेल. ती लवकर मिळावी म्हणून तरी त्या दिवशी नेता वडाखाली उभा असलेला बरा.