मे महिन्यात आयव्हीएफची पहिली सायकल: इंजेक्शनं उन्हात कशी सांभाळायची, आणि सुरू करण्याआधी काय तपासून घ्यायचं?

वर्ध्याहून_नागपूर:
नमस्कार मंडळी. पत्नीचं वय ३३, एएमएच (अंड्यांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) १.१, दोन्ही नळ्या बंद. माझा शुक्राणूंचा काउंट एका मिलीला १.८ कोटी, पण एकूण हालचाल ३० टक्केच. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आयव्हीएफ (अंडी बाहेर काढून प्रयोगशाळेत फलन) सांगितलंय. येत्या पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू करायची आहेत. तारीख मेच्या मध्यात येते, म्हणजे पुढे नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस). वर्ध्याहून ये-जा करू. इंजेक्शनं प्रवासात आणि घरी लाईट गेल्यावर कशी ठेवायची? आधी राहून गेली तर नंतर महागात पडेल अशी एखादी तपासणी आहे का? आणि अंडी किती निघाली तर ठीक म्हणायचं? सेंटरमध्ये इतकी गर्दी असते की सगळं विचारून होत नाही.

सुई_वेळेवर:
आधी थंडाव्याचं सांगते, कारण इथे झालेली चूक डोळ्यांना दिसत नाही.

एफएसएचचं (अंडी वाढवणारं संप्रेरक) पेन किंवा वायल २ ते ८ अंशांत राहायला हवी. काही खोक्यांवर २५ अंशांच्या आत असेल तर काही आठवडे फ्रिजबाहेर चालेल असं छापलेलं असतं. ते वाचून कपाटात ठेवू नका. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि कूलर लावलेली खोलीसुद्धा २५ वर येत नाही. हे औषध प्रथिन असतं. उष्णतेनं ते बिघडतं, तरी दिसायला पाण्यासारखं स्वच्छच राहतं. मग सातव्या दिवशीच्या सोनोग्राफीत फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) वाढलेली दिसत नाहीत आणि दोष अंडाशयाला लागतो.

गोठणंही तितकंच वाईट. एकदा गोठलेलं इंजेक्शन वितळवून वापरायचं नाही. सिंगल डोअर फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्याच्या लगेच खालची जागा आणि मागची भिंत टाळा. दारातही नको, दार उघडलं की आधी तिथलंच तापमान चढतं. मधल्या फळीवर झाकणाच्या डब्यात ठेवा. साधा फ्रिज थर्मामीटर सोबत ठेवला तर अंदाजानं काम करावं लागत नाही. लाईट गेली की दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ जाणार असं वाटलं तर जेल पॅकच्या डब्यात हलवा.

प्रवासासाठी लस नेतात तसा जाड भिंतीचा डबा घ्या. जेल पॅक फ्रीझरमधून काढून, वर पाण्याचे थेंब सुटेपर्यंत बाहेर राहू द्या, मग टॉवेलमध्ये गुंडाळा. पॅक आणि औषधाचं खोकं एकमेकांना टेकता कामा नयेत. बसच्या डिकीत डबा टाकू नका, मांडीवर घ्या. खरेदी दिवसाच्या शेवटी करा. सोनोग्राफी, जेवण, सीताबर्डीची कामं आटोपल्यावर औषध घ्यायचं आणि तिथून थेट स्टेशन किंवा बसस्टँड.

आता टोचण्याचं. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं खोलीत ठेवा, पण उन्हात किंवा गॅसजवळ नको. बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. कातडीची घडी चिमटीत धरा. पेनची कळ पूर्ण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढा, नाहीतर शेवटचा थेंब बाहेर राहतो. पेन मध्येच संपलं तर खिडकीत जितके युनिट बाकी दिसतात तितके दुसऱ्या पेननं त्याच वेळी घ्यायचे. पावडरची वायल (एचएमजी, हेही अंडी वाढवणारं औषध) हलवून फेस करायची नाही, तळव्यांत हळूहळू फिरवायची.

पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास दुसरं इंजेक्शन जोडतात, सेट्रोरेलिक्स ०.२५ मिलिग्रॅम. अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून ते असतं. टोचल्यावर तिथे लाली आणि खाज येते, तासाभरात बसते. हे इंजेक्शन रोज त्याच वेळी घ्यायचं. चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, त्याच क्षणी सेंटरला फोन करा, रात्र असली तरी.

आणि सगळ्यात कडक वेळ ट्रिगरची, म्हणजे अंडी पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची. दोन-तीन फॉलिकल १७-१८ मिलिमीटरला पोचली की ट्रिगर देतात आणि ३४ ते ३६ तासांनी पिकअप, म्हणजे अंडी काढणं. गुरुवारी सकाळी ९ ला पिकअप असेल तर ट्रिगर मंगळवारी रात्री १० ला, म्हणजे बरोबर ३५ तास. ट्रिगर दोन तास उशिरा झालं आणि ते सांगितलं नाही, तर अंडी कच्ची निघतात. फार आधी झालं तर पिकअपच्या आधीच फुटून जातात. घोळ झालाच तर खरी वेळ सांगा, पिकअप पुढेमागे करता येतो. खोटी वेळ सांगितली तर कोणालाच काही करता येत नाही. पिकअपच्या आदल्या रात्री मुक्काम नागपुरातच करा. भूल असते, सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं, अशात पहाटेच्या गाडीवर विसंबू नका.

विदर्भ_समुपदेशन:
दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर विदर्भात तरी एकच आहे: दोघांची सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी, इंजेक्शन सुरू होण्याआधी.

आपल्याकडे सिकलचे वाहक बऱ्याच समाजांत आहेत, आणि वाहक माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ताच नसतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. सॉल्युबिलिटी टेस्ट ही फक्त चाळणी आहे. पक्कं निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासण्यांनी होतं. एचपीएलसीच घ्या, त्यात थॅलेसेमियाचा वाहकही कळतो. रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबावं लागतं, नाहीतर दात्याचं रक्त रिपोर्टमध्ये उमटतं.

"गरोदर राहिल्यावर पाहू" असं इथे चालत नाही. दोघं वाहक निघाले तर भ्रूणाची जनुकीय तपासणी (पीजीटी-एम) करता येते, पण त्यासाठी आधी तुमच्या दोघांच्या, कधी आईवडिलांच्याही, रक्तावरून त्या कुटुंबापुरती चाचणी बसवावी लागते आणि त्यात आठवडे जातात. पिकअप झाल्यावर हे कळलं तर भ्रूण गोठवून थांबावं लागतं. तो मार्ग नको असेल तर गर्भारपणात ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. निर्णय तुमचा, पण माहिती हातात आधी हवी.

दुसरं, नळ्या बंद आहेत म्हणता, तर त्यांत पाणी साठलंय का (हायड्रोसॅल्पिंक्स) हे स्पष्ट विचारा. ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि भ्रूण रुजण्याची शक्यता निम्म्यावर येऊ शकते. असं असेल तर ट्रान्सफरच्या (भ्रूण गर्भाशयात ठेवण्याच्या) आधी नळी क्लिप करतात किंवा काढतात. पत्नीची रुबेला आयजीजी (रुबेलाविरुद्धची प्रतिकारशक्ती), टीएसएच (थायरॉइड) आणि साखर तपासा. रुबेलाची लस लागली तर त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळायची असते, म्हणून हे आजच. फॉलिक अॅसिड सुरू नसेल तर तेही आजपासून.

आता तुमच्याबद्दल. हालचालीची खालची मर्यादा ४२ टक्के धरतात, तुमची ३० आहे. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणजे मेमधला नमुना फेब्रुवारी-मार्चमधल्या सवयींचा असतो. खर्रा खात असाल तर थांबवा, तंबाखूनं संख्या, हालचाल आणि आतला डीएनए तिन्ही बिघडतात. जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर बंदच, त्यांनी शुक्राणू तयार होणंच थांबू शकतं. गेल्या दोन महिन्यांत मोठा ताप आला असेल तर डॉक्टरांना सांगा.

कागद: दोघांचे आधार, लग्नाचा दाखला. २०२१ च्या एआरटी (सहायक प्रजनन) कायद्यानं स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ हवं, आणि सेंटरची नोंदणी हवी. ती विचारायला संकोच करू नका. भ्रूणाचं लिंग सांगणं किंवा निवडणं गुन्हा आहे, कोणी सुचवलं तर उठून या.

काचेची_बशी:
अंड्यांच्या आकड्याचं. ही उतरंड आधीच मनात बसवा, नाहीतर रोजचा फोन सोसत नाही. समजा १० निघाली. त्यांतली साधारण ८ पक्व असतात. इक्सीनं (एकेक शुक्राणू अंड्यात टोचून) साधारण ७० टक्के फळतात, म्हणजे ५-६. हे १६ ते १८ तासांनी दोन केंद्रकं दिसली की कळतं. पाचव्या दिवसापर्यंत ब्लास्टोसिस्ट (ट्रान्सफरजोगे वाढलेले भ्रूण) होतात त्यांतले अर्धे, म्हणजे २-३. प्रत्येक पायरीवर गळती ठरलेली आहे, ती तुमच्या बायकोच्या खाण्यापिण्यानं झालेली नसते.

एएमएच १.१ ला दहा निघतीलच असं नाही, चार-पाचही निघू शकतात. एएमएच संख्या सांगतं, गुणवत्ता मुख्यतः वयावर असते आणि ३३ हे वय तुमच्या बाजूनं आहे. म्हणून आकडा कमी आला की लगेच हात गाळू नका. पण दुसऱ्या पिकअपची पैशांची आणि रजेची तजवीज आजच मनाशी करून ठेवा.

नमुना देण्याआधी दोन ते सात दिवसांचा संयम. घरून आणू नका, वर्ध्याहून ते शक्यच नाही, तासाच्या आत पोचावा लागतो. थुंकी, साबण, तेल काही लागता कामा नये. ताणाखाली नमुना देता येईल का अशी शंका असेल तर आधी एक नमुना गोठवून ठेवा. त्या दिवशी दोघांनीही अत्तर किंवा डिओ लावू नका.

पॅकेजमध्ये काय नाही ते लेखी घ्या: इंजेक्शनं, इक्सी, भूल, गोठवणं, दरवर्षीचं साठवणभाडं, गोठवलेल्या भ्रूणाचं ट्रान्सफर. पीआरपी, इंट्रालिपिड, ईआरए, अस्तर खरवडणं असे जादा उपचार किंवा तपासण्या जोडून दिल्या तर "आमच्या केसमध्ये का?" एवढंच विचारा. वंध्यत्व-उपचारांतल्या युरोपातल्या ईश्रे संस्थेच्या २०२३ च्या शिफारशींत यातलं काहीही सरसकट करू नये असंच आहे.

वर्ध्याहून_नागपूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिकलची टेस्ट कोणी सांगितलीच नव्हती, उद्याच दोघं करतो. एकच राहिलं: ट्रान्सफरनंतर किती दिवस झोपून राहायचं? आई म्हणते पंधरा दिवस खाली पाय ठेवायचा नाही.

सुई_वेळेवर:
आईंची काळजी खरी आहे, पण झोपून राहण्यानं यश वाढत नाही. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, भ्रूण उभं राहिल्यानं, जिना चढल्यानं किंवा लघवीनं पडत नाही. त्याच दिवशी घरी जा, दुसऱ्या दिवसापासून नेहमीची कामं करा. फक्त पाण्याची कळशी, सिलेंडर असं जड उचलू नका आणि उन्हात फिरू नका.

जपायचं आहे ते प्रोजेस्टेरॉन. मधल्या काळात डाग दिसला तरी ते बंद करायचं नाही. औषधाच्या कॅप्सूलनंही डाग पडतो, आणि रक्ताच्या रिपोर्टआधी बंद केलं तर रुजलेला गर्भ जाऊ शकतो. कॅप्सूलही उन्हात मऊ होतात, खोक्यावर लिहिलं असेल तिथेच ठेवा. गर्भचाचणीची घरची पट्टी लवकर करू नका. ताज्या सायकलमध्ये एचसीजीचं ट्रिगर दहा-बारा दिवस अंगात राहून खोटी रेघ दाखवतं. बीटा एचसीजी (गर्भधारणेची रक्ततपासणी) पाचव्या दिवसाच्या ट्रान्सफरनंतर ९ ते १२ दिवसांनी, आणि ४८ तासांनी परत. पहिल्या आकड्यापेक्षा तो कसा वाढतोय ते महत्त्वाचं.

आणि हे फ्रिजवर चिकटवा. पिकअपनंतर पोट फुगत चाललं, दिवसाला एक किलोहून जास्त वजन वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही. बीटा पॉझिटिव्ह आल्यावर एका बाजूला कळ आली किंवा चक्कर आली तरी तसंच. आयव्हीएफमध्येही गर्भ नळीत राहू शकतो.

काचेची_बशी:
आईंना तारीख सांगायची असेल तर: पाचव्या दिवसाचं भ्रूण ठेवलं त्या दिवसात २६१ दिवस मिळवा. ट्रान्सफरचा दिवस २ आठवडे ५ दिवसांचा धरतात, म्हणजे दहाव्या दिवशीच्या बीटाला ४ आठवडे १ दिवस. पहिली सोनोग्राफी ६ ते ७ आठवड्यांत, तेव्हा ठोके दिसतात. सिकलचा रिपोर्ट आला की इथे टाका, दोघांपैकी कोणी वाहक निघालं तर पुढचं बोलू.