स्पेक्ट्रमचा मॉड्युलेटर मुळासकट काढू नका

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाला एलईडी टीव्हीवर मुंग्या दिसतात म्हणून मॉड्युलेटरचा (चित्राचा सिग्नल टीव्हीच्या अँटेना चॅनलवर चढवणाऱ्या भागाचा) अख्खा डबाच काढा, असं काही जण सुचवतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तसं करू नका. तो डबा बोर्डाच्या ग्राउंडला घट्ट डाग दिलेला असतो. १९८२ च्या बोर्डावर तेवढी उष्णता दिली तर तांब्याच्या पट्ट्या उचकटतात.

त्यापेक्षा डब्यात जाणाऱ्या दोन्ही तारा, ५ व्होल्टची आणि व्हिडिओची, सोडवा. डब्यावरच्या टीव्ही सॉकेटच्या मधल्या टोकाला आतून जोडलेला रेझिस्टरही सोडवा. मग बोर्डावरचा व्हिडिओ १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून, अधिक टोक बोर्डाकडे ठेवून, थेट त्या टोकाला द्या. टीव्हीला पिवळी एव्ही पिन मात्र हवी.

आता आपल्या किनारपट्टीचं. देवगडच्या खाऱ्या हवेत डब्याच्या पत्र्याला गंज चढतो, सॉकेटच्या कडेवर हिरवट थर बसतो. ग्राउंड तिथेच कच्चं राहतं आणि जोडणी बरोबर असूनही चित्र थरथरतं. कड बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, डाग देताना वापरलेला आणि उरलेला फ्लक्स (चिकट राळ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पावसाळ्यात तर हा फ्लक्स अजिबात राहू देऊ नका, ओल धरतो.