घरबसल्या लेखन-भाषांतराची कामं, खात्रीची कुठं मिळतात?

राजारामपुरीकर: शिवाजी विद्यापीठातून मराठीत एम.ए. केलंय. घरी उसाची शेती. एक जण लेखनाचं काम देतो म्हणतोय, पण आधी नोंदणीचे २,००० रुपये मागतोय. भरू का?

पंचगंगाकाठ: भावा, एक रुपाया भरू नकोस! काम देणारा पैसे देतो, मागत नाही. माझं घर भाषांतरावर चालतं, म्हणून कळकळीनं सांगतोय. प्रोझ (ProZ.com) या भाषांतरकारांच्या वेबसाइटवर खातं काढ. तिथल्या ब्लू बोर्डवर कुठली एजन्सी कशी आहे, हे भाषांतरकारच नोंदवतात. काम घेण्याआधी ते वाचायचंच. अपवर्क ही घरबसल्या कामं मिळवायची वेबसाइटही बघ, मात्र तिथं कमाईतून फी कापतात, दर सांगतानाच ती धर. आणि प्रोफाइलवर नुसतं ‘कंटेंट रायटर’ लिहू नकोस. तुला ऊस कळतो, ठिबक कळतं, गुऱ्हाळ कळतं. खतं-बियाण्यांच्या कंपन्यांना शेतकऱ्याला समजेल असं मराठी लागतं, आणि ते लिहिणारे लई कमी आहेत. दोन-तीन नमुने आजच लिहून ठेव. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांतही विचार, मशिनची माहितीपत्रकं मराठीत करून हवी असतात.

सायली_केएलपी: कंपनीनं टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला तर तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का बघा. कर बसत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो.

राजारामपुरीकर: आभारी आहे दोघांचा. पैसे भरत नाही. दर पानावर सांगू का शब्दावर?

पंचगंगाकाठ: शब्दावर. मूळ मजकुराचे शब्द मोजायचे, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच रक्कम ठरते. ईमेलवर लिहून घे.