मदत हवी आहे: इग्रा (टीबीसाठीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलंय, पण टीबी आहे की नाही?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे. सासूबाईंना फुप्फुसाचा टीबी निघाला, सरकारी औषधं चालू आहेत, तब्येत सुधारतेय. घरच्यांची तपासणी झाली त्यात माझं इग्रा पॉझिटिव्ह आलं, आकडा ४.२. खोकला, ताप काही नाही, वजनही उतरलेलं नाही. एक्स-रेत मात्र उजवीकडे वर 'जुना डाग असावा' असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांचा कोर्स लगेच सुरू करा, दुसरे म्हणतात आधी बेडका तपासा. बेडका पडतच नाही तर तपासायचं काय? आकडा मोठा म्हणजे रोग चालू, असं असतं का? मिरजेत नक्की सांगणारी एखादी रक्ततपासणी होते का?

मिरजेचा लॅबवाला: ताई, आकड्यावर जाऊ नका. इग्रात रक्तातल्या पेशींना टीबीच्या जंतूची ठरावीक प्रथिनं दाखवतात आणि त्या किती गॅमा इंटरफेरॉन सोडतात ते मोजतात. ०.३५ किंवा वर गेलं की सहसा पॉझिटिव्ह. पेशींची जंतूशी ओळख आहे, एवढंच कळतं. जंतू झोपलाय की जागा, ते ४.२ आलं काय न् ९ आलं काय, कळत नाही. मांटूचंही (हातावर कातडीत टोचून करतात ती चाचणी) तेच, वर बीसीजीमुळेही गाठ उठू शकते. नक्की सांगणारी रक्ततपासणी मिरजेतच काय, कुठेच नाही. कुणी टीबीची आयजीजी-आयजीएम (रक्तातली प्रतिपिंडं बघणारी) तपासणी सुचवली तर नको म्हणा, २०१२ पासून देशात बंदी आहे तिच्यावर.

कृष्णाकाठ: डाग आहे म्हटल्यावर दुसऱ्या डॉक्टरांचं मला पटतं. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढता येतो. सीबीनॅट (बेडक्यात जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) दोनेक तासांत होतं, पण जंतू थोडे असले तर निसटतात, म्हणून कल्चरही (जंतू वाढवून बघायची तपासणी) लावा. त्याला सहा आठवडेही लागतात. जुना एक्स-रे मिळाला तर फार उत्तम. डाग तेव्हाही असाच असेल तर डॉक्टरांचं निम्मं काम झालं. घाईने प्रतिबंध म्हणून एकट्या आयसोनियाझिड या औषधावर ठेवलं आणि आत रोग चालू असला, तर जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो.

धागाकर्ती: जुना एक्स-रे माहेरी विट्याला असेल, भावाला शोधायला लावते. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, त्याचंही इग्रा करू का?

मिरजेचा लॅबवाला: पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी इग्राची वाट बघत नाहीत. ताप, खोकला, वजन बघून रोग नाही अशी खात्री झाली की प्रतिबंधक औषध देतात, सरकारी दवाखान्यात फुकट. जाताना सासूबाईंचा सीबीनॅटचा रिपोर्ट न्या. त्यांचा जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो की नाही, त्यावर मुलाचं औषध ठरेल.